खाण तशी माती, पण कुठवर?

लग्नाच्या बोलणीत, भावकीच्या भांडणात, दहावीच्या निकालादिवशी आणि कुणाचे नाव पोलिसांत गेले की एक म्हण हटकून निघते: खाण तशी माती. अर्थ सांगायला कोश उघडावा लागत नाही. माती ज्या खाणीतून काढली त्या खाणीचाच रंग आणि पोत तिला असायचा. आईबापांचे गुण लेकरांत उतरायचेच. मात्र कौतुकासाठी ही म्हण फारशी कुणी खर्ची घालत नाही. पोरगे पहिले आले तर 'बापावर गेलाय हो' एवढ्यावर भागते. पोरगे उधारी बुडवून गाव सोडून गेले, की मग लोकांना खाण आठवते.

तिच्या शेजारीच उलट्या म्हणीही सुखाने नांदतात. हिऱ्यापोटी गारगोटी, सूर्यापोटी शनैश्चर आणि वर 'बाप से बेटा सवाई'. मुलगा बापासारखा निघो, बापाहून वाईट निघो की सरस, प्रत्येक निकालाला आपल्याकडे म्हण तयार. या साऱ्या म्हणी निकाल लागल्यावर बोलायच्या आहेत. आधी पैज लावायची म्हटली तर त्यांचा उपयोग शून्य. तरी खाणीची गोष्ट साफ खोटी असती तर ती इतकी टिकली नसती. तिच्यात खरे किती याचा हिशेब आंब्यापासून सुरू करू, कारण कोकणातल्या बागायतदाराला हा प्रश्न रोख पैशात सोडवावा लागतो.

अस्सल देवगड हापूस खाऊन कोय परसात टाकली, ती रुजली आणि आठ-दहा वर्षांनी झाडाला आंबे लागले, तर ते हापूस नसतात. एखादे झाड गोड निघेल, एखादे दात आंबवेल, एखाद्याच्या फळात रसापेक्षा धागाच जास्त. कोयीपासून वाढलेल्या अशा झाडाला रायवळ म्हणतात आणि एका रायवळाची चव दुसऱ्याला नसते. कारण साधे आहे. हापूसच्या कोयीत एकच गर्भ असतो आणि तो दोन झाडांच्या संकरातून आलेला असतो. आई हापूस, हे नक्की. बाप कोण, ते मोहोरावर घोंगावणाऱ्या माश्यांना ठाऊक. शिवाय आई स्वतःच मिश्र वाणाची, त्यामुळे तिच्याकडूनही कोयीत काय उतरेल याचा नेम नाही.

उलट काही आंब्यांच्या कोयीत एकाहून अधिक गर्भ असतात. केरळाकडचा ओलूर किंवा दक्षिणेतला वेल्लाईकोलंबन हे त्यातले. यांतले बहुतेक गर्भ परागाची वाट न बघता थेट आईच्या पेशींतून तयार होतात, म्हणून कोय लावली तरी आईचेच झाड पुन्हा उभे राहते. आपली म्हण शब्दशः लागू पडते ती अशा ठिकाणी, जिथे बापाचा संबंधच नाही.

हापूसला ती सोय नाही, म्हणून कलम. कोकणातल्या रोपवाटिकांत पावसाळ्यात कोयकलमांचा हंगाम असतो. वाफ्यात रायवळाच्या कोयी रुजवतात. पंधराएक दिवसांत तांबूस, लुसलुशीत पानांचा कोंब वर आला की तो कोयीसकट हलकेच उपटतात, वरचा भाग छाटून देठाच्या मधोमध उभी चीर देतात. चांगल्या धरत्या हापूसची वीतभर काडी आधीच हेरून ठेवलेली असते. आठवडाभर आधी तिची पाने काढून टाकलेली, म्हणजे डोळे फुगतात. तिच्या बुडाला दोन्ही बाजूंनी तिरके काप देऊन पाचर करतात, ती चिरेत बसवतात आणि प्लास्टिकच्या पट्टीने आवळून बांधतात. सराईत हाताला हे सगळे करायला मिनिटभरही लागत नाही. पुढे जन्मभर जोडाच्या खाली रायवळ, वर हापूस. खालून फुटवा आला तर तो काढावाच लागतो, नाहीतर रायवळच माजते. म्हणजे कोकणचा सगळा हापूस ही पिढ्यान्‌पिढ्यांची संतती नव्हेच; पोर्तुगीज काळापासून एका झाडाच्या काड्या दुसऱ्यावर बांधत आणलेला तो एकच पसरलेला वृक्ष म्हणायला हवा.

आणि तरीही वाशीच्या बाजारात 'हा देवगड नाही, कर्नाटक आहे' यावरून भांडणे होतात. २०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, तेही याच जोरावर. काडी तीच, पण कातळ, खारा वारा आणि पाऊस वेगळा, की फळ वेगळे. खाण एक असूनही माती बदलते, हे बागायतदाराला कुणी समजावून सांगायला नको.

एक गोष्ट अजून सांगायची राहिली. हापूसला दोन खोडी: तो एक वर्ष धरतो, एक वर्ष रुसतो, आणि वरून देखणा आंबा कापल्यावर आत साका, म्हणजे न पिकलेला पांढरट गर, निघतो. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांचा संकर करून १९८१ मध्ये 'रत्ना' ही जात काढली. ती दरवर्षी धरते आणि तिच्यात साका होत नाही. बाप से बेटा सवाई म्हणावे असे हे पोर. पण त्याच्यासारख्या संकरांतली कितीतरी भावंडे नापास होऊन उपटली जातात, त्यांची नावे कुणी ठेवत नाही.

माणसांचे कलम होत नाही. आपण सगळे कोयीचे, म्हणजे रायवळ.

आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतले एक आईकडून आलेले, एक वडिलांकडून. आपली स्वतःची बीजपेशी तयार होते तेव्हा प्रत्येक जोडीतले एकच पुढे जाते आणि कोणते जाईल हे नाणेफेकीसारखे ठरते. तेवीस वेळा नाणे उडवले तर निकालाचे ८३,८८,६०८ प्रकार होऊ शकतात. चौऱ्यांशी लाखांच्या इतके जवळ, की एखादा कीर्तनकार लगेच योनींशी सांगड घालेल. तसे काही नाही, निव्वळ योगायोग. एका जोडप्यापुरता हिशेब केला तर दोन्हींचा गुणाकार होऊन प्रकार सत्तर लाख कोटींच्या घरात जातात, आणि त्याआधी जोडीतली गुणसूत्रे आपापसांत तुकडे बदलून घेतात ते वेगळेच. म्हणून सख्ख्या भावंडांत जनुकांची 'निम्मी' वाटणी ही सरासरी आहे. प्रत्यक्ष मोजणीत काही जोड्यांत ती ३७ टक्क्यांपर्यंत खाली, तर काहींत ६२ टक्क्यांपर्यंत वर गेलेली आढळली. एकाच घरातली दोन भावंडे 'एकमेकांची वाटतच नाहीत' असे शेजारीण म्हणते, तेव्हा ती काही वावगे बोलत नसते.

या वाटपाला नियम आहे हे पहिल्यांदा दाखवले ग्रेगोर मेंडेलने. आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहरात, मठाच्या बागेत, १८५६ पासून आठेक वर्षे तो वाटाणे लावत होता. गोल दाण्यांच्या आणि सुरकुतलेल्या दाण्यांच्या वाणांचा त्याने संकर केला. पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल. सुरकुती जणू घराण्यातून गेलीच. मग त्या गोल दाण्यांची रोपे स्वतःच्याच परागावर फळू दिली. पुढच्या पिढीत त्याने मोजलेल्या दाण्यांपैकी ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले निघाले. तिनास एक. सुरकुती कुठेही गेली नव्हती. एक पिढीभर ती गोल दाण्याच्या आत बसून होती.

इथे म्हणीचा पहिला कच्चा दुवा हाती लागतो. तिला वरची माती दिसते, खाणीच्या पोटातले थर दिसत नाहीत. धडधाकट आईबापांच्या पोटी आजारी मूल येते तेव्हा लोकांना खाणच शंकास्पद वाटू लागते आणि बहुतेक घरांत ती खाण सुनेची असते. विदर्भात, गडचिरोलीत, नंदुरबारकडे सिकलसेलच्या बाबतीत हे वर्षानुवर्षे घडत आले. हिमोग्लोबिनच्या जनुकातले एकच अक्षर बदललेले असते. बदललेली एकच प्रत असेल तर माणूस वाहक. त्याला सहसा त्रास होत नाही, उलट मलेरियापासून थोडे संरक्षणच मिळते. म्हणूनच हा बदल मलेरियाच्या मुलखांत टिकून राहिला. पण दोघेही वाहक असले तर प्रत्येक गर्भारपणात चारात एक शक्यता की मुलाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळतील. मग रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, सांधे ठणकतात. पहिले मूल आजारी झाले म्हणून पुढची तीन निरोगी होणार, असेही नाही. नाणे आधीची फेक लक्षात ठेवत नाही. आणि दोष एकट्या आईचा असूच शकत नाही, कारण एक प्रत बापाकडून आल्याशिवाय हा आजार होतच नाही. आता १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू आहे आणि बोटातून काढलेल्या रक्ताच्या थेंबावर प्राथमिक तपासणी होते. लग्नाआधी पत्रिकेशेजारी हा कागद ठेवला गेला तर खाण बघण्याचा तो जास्त कामाचा मार्ग ठरेल.

वाटाण्याचा दाणा गोल असतो किंवा नसतो. माणसाची उंची, रंग, तब्येत, गळा यांचे तसे नाही. शाळेच्या विज्ञानात 'जीभ नळीसारखी वळते की नाही' हा गुण मेंडेलच्या नियमाने येतो म्हणून शिकवला गेला. १९५२ मध्ये तपासले तर हुबेहूब जुळ्यांच्या ३३ जोड्यांपैकी ७ जोड्यांत एकाची जीभ वळत होती, दुसऱ्याची नाही. ज्या स्टर्टव्हंटने १९४० मध्ये ही कल्पना मांडली होती, त्यानेच पुढे ती मागे घेतली. वर्गात मात्र पोरे अजून जिभा बाहेर काढून बसतात.

उंचीचा हिशेब तर फारच गुंतागुंतीचा. २०२२ मध्ये पन्नास लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून झालेल्या अभ्यासात उंचीशी निगडित अशा १२,१११ जागा जनुकसंचात सापडल्या. प्रत्येकीचा हातभार केसाएवढा. अशा गुणांत बापलेकांचे नाते कसे असते हे फ्रान्सिस गाल्टन या इंग्रजाने सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी फूटपट्टीने दाखवले होते. हा चार्ल्स डार्विनचा नातलग. त्याने २०५ जोडप्यांची आणि त्यांच्या ९२८ सज्ञान मुलांची उंची जमवली आणि १८८६ मध्ये निष्कर्ष छापला: आईबाप मिळून सरासरीपेक्षा तीन इंच उंच असतील, तर त्यांची मुले सरासरीने दोनच इंच उंच निघतात. बुटक्या आईबापांची मुलेही तशीच, थोडी सरासरीकडे सरकलेली.

हे वाचून पुढची पिढी घसरत चालली, असे वाटण्याचा मोह होतो. तो टाळायचा तर हिशेब उलटा करून पाहावा. अतिशय उंच मुलांपासून सुरुवात केली तर त्यांचे आईबापही मुलांपेक्षा सरासरीच्या जवळ निघतात. पोरांमुळे आईबाप खुजे होत नाहीत, हे तरी मान्य! टोकाला पोहोचायला पुष्कळ गोष्टी एकाच वेळी जुळून याव्या लागतात. तोच योग शेजारच्या पिढीत पुन्हा पूर्ण जुळेल अशी अपेक्षा करणे चूक, एवढाच याचा अर्थ.

सुनील गावसकरांच्या घरी हे स्पष्ट दिसते. १२५ कसोटी, १०,१२२ धावा, ३४ शतके. मुलगा रोहन भारताकडून ११ एकदिवसीय सामने खेळला आणि कट्ट्यावरच्या लोकांनी हिऱ्यापोटी गारगोटी हा शिक्का मारायला वेळ लावला नाही. देशाच्या संघात अकरा वेळा उतरणे ही गारगोटी असेल, तर कट्ट्यावरच्यांना काय म्हणावे? गाल्टनच्या तक्त्यावर हा मुलगा अगदी जिथे असायला हवा तिथेच आहे: सर्वसामान्यांच्या कितीतरी वर, बापाच्या खाली. आणि मागे पाहिले तर सुनील यांचे मामा माधव मंत्री चार कसोटी खेळले होते. 'मामावर गेला' म्हणायलाही जागा आहे.

पण याच घरात त्याहून मोठी गोष्ट घडता घडता राहिली. गावसकरांनी 'सनी डेज' या आत्मचरित्रात सांगितले आहे की, १९४९ मध्ये त्यांचा जन्म झाला तेव्हा बघायला आलेल्या एका काकांना बाळाच्या कानाजवळ बारीक छिद्र दिसले. दुसऱ्या दिवशी काका परत आले, पाळण्यातले बाळ उचलले, तर छिद्र गायब. शोधाशोध झाली आणि खरे बाळ एका कोळणीशेजारी झोपलेले सापडले. काकांची नजर चुकली असती तर तेच हातपाय, तीच नजर, तीच जनुके घेऊन तो मुलगा बहुधा पहाटे होडीवर गेला असता. दादर युनियनचे मैदान नाही, कसोटी खेळलेला मामा नाही, घरी चेंडू टाकणारी आई नाही. खाण तीच, माती कशी निघाली असती, ते कोण सांगणार? शिवाय त्याच्या जागी गावसकरांकडे वाढलेल्या त्या दुसऱ्या बाळाला लोकांनी नाक-डोळे बघून खुशाल 'अगदी वडिलांवर' म्हटले असते.

घर आणि रक्त दोन्ही एकाच दारातून येतात, हा या म्हणीचा खरा पेच. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांची मुले सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वती राणे. तिघेही नावाजलेले गायक. म्हणीला याहून चांगला साक्षीदार कोण? पण त्यांच्या कानावर पाळण्यात असल्यापासून तानपुरा पडत होता. गळा रक्तातून आला की त्या तानपुऱ्यातून, हे त्या घरात वेगळे काढताच येत नाही. वेगळे काढायचे तर त्याच घराण्यात पलीकडे बघावे लागते. भीमसेन जोशींचे वडील गदगचे शाळामास्तर. मुलगा गाण्यासाठी घरातून पळाला आणि शेवटी कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे, म्हणजे अब्दुल करीम खाँ यांच्याच शिष्याकडे राहून शिकला. किराण्याचा स्वर त्याच्यात रक्ताचे काहीही नाते नसताना उतरला. आपल्या संगीतात 'घराणे' शिष्याने चालते, हे गाणाऱ्यांना अजिबात विचित्र वाटत नाही. तोच माणूस सोयरीक जमवताना मात्र कूळ विचारतो.

उंचीसारख्या अंगभूत वाटणाऱ्या गुणातही घराचा वाटा असतोच. १९९६ मध्ये जन्मलेल्या दक्षिण कोरियन स्त्रिया १८९६ मध्ये जन्मलेल्यांपेक्षा सरासरी वीस सेंटिमीटर उंच आहेत. शंभर वर्षांत त्या देशाची जनुके बदलली नाहीत. ताटातले अन्न, पिण्याचे पाणी आणि लहानपणचे आजार बदलले. आणि तरीही आजच्या कोरियात उंच आईची मुलगी शेजारणीच्या मुलीपेक्षा उंचच निघण्याची शक्यता जास्त. दोन्ही एकदम खरे असू शकते. म्हण एकाच काळातल्या, सारख्या परिस्थितीतल्या दोन घरांची तुलना करते तेव्हा तिच्या पदरात काही पडते. परिस्थितीच वेगळी असेल तेव्हा ती बोलते ते परिस्थितीबद्दल, आणि नाव घेते रक्ताचे.

हे नाव घेणे किती महाग पडते याचा दाखला कायद्याच्या पुस्तकात आहे. ब्रिटिश सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि १९११ च्या सुधारणेनंतर तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. पारधी, कैकाडी, भामटा अशा जमातींवर शिक्का बसला तो कुणी काय केले यावरून नव्हे, कुणाच्या पोटी आला यावरून. नोंदणी झालेल्या माणसाने हजेरी द्यायची, गाव सोडायचे तर परवानगी घ्यायची. सोलापुरात अशा कुटुंबांची कुंपणबंद वसाहत होती; शहरात तो भाग आजही 'सेटलमेंट' म्हणून ओळखला जातो. भटकून पोट भरणाऱ्यांचे रस्ते बंद करायचे, मग उपाशी पोरांनी हात मारला की खाण तशी माती म्हणायचे. गाल्टनचे नावही इथे आठवते: फूटपट्टीने सरासरीचा नियम शोधणाऱ्या याच माणसाने १८८३ मध्ये 'चांगल्या घराण्यांची' पैदास वाढवण्याच्या विचाराला सुप्रजननशास्त्र हे नाव दिले आणि तो विचार पुढे युरोप-अमेरिकेत कुठवर गेला हे जगाने पाहिले.

३१ ऑगस्ट १९५२ ला गुन्हेगार जमाती कायदा गेला. भटके-विमुक्त तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. त्याच्या जागी राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. त्यात निदान कागदावर तरी माणसाच्या स्वतःच्या शिक्षा मोजायच्या होत्या. तुरुंगांच्या नियमावल्यांत मात्र जुनी भाषा तशीच राहिली: कोणत्या जमातीत जन्मला यावरून कैद्याला सराईत धरायचे, जातीवरून झाडू किंवा स्वयंपाक वाटून द्यायचा. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे नियम घटनाबाह्य ठरवले आणि राज्यांना आपापल्या नियमावल्या तीन महिन्यांत दुरुस्त करायला सांगितले.